आनंदा मेस्त्रीचं धुकं

चोवीस वर्षं माझा जीव आनंदा मेस्त्रीच्या हातातल्या दोराला टांगलेला होता. शब्दशः टांगलेला. कामगार रंगभूमीच्या पौराणिक नाटकांत तिसऱ्या अंकाच्या शेवटी आकाशातून देवी उतरायची. ती देवी म्हणजे मी, आणि वर माळ्यावर कप्पीशी बसून मला फूट-फूट खाली सोडणारा आनंदा. लोक मला हात जोडायचे. परळच्या एका प्रयोगाला तर एका बाईने पहिल्या रांगेतून नवस बोलला आणि पुढच्या वर्षी तो फेडायला पेढे घेऊन रंगपटात आली. आनंदाला मात्र कुणी कधी पाहिलं नाही. पडदा पडला की टाळ्या संपायच्या आत तो मागच्या दाराने बाहेर.

दिवसा तो गिरणीत फिटर होता. संप झाला, गिरणी गेली, मग नाटकाचं नेपथ्य हेच पोट झालं. ट्रिकसीन ही त्याची खासियत. कमळातून अप्सरा, भिंतीतून हात, धुरातून राक्षस. आज तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला आहे, आणि तो एका देशाचा पंतप्रधान आहे.

हसू नका. मी हसले होते आणि आठ दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता.

त्याचं असं झालं. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद झालं तेव्हा त्याची भाची अनुजा ठाण्याहून आली आणि त्याच्या फोनवर एक खेळ घालून गेली. तिला वाटलं, मामाचा वेळ जाईल. खेळाचं नाव 'नवा नकाशा'. त्यात चाळीसेक माणसं आहेत आणि प्रत्येकाचा एकेक मनाचा देश. गोळ्या झाडायच्या नाहीत, उड्या मारायच्या नाहीत, फक्त लिहायचं. आपल्या देशात आज काय घडलं ते आपण लिहायचं, शेजारच्या देशाने त्याला उत्तर लिहायचं. त्यातून तह होतात, लढाया होतात, एकदा एका देशात कांदा संपला म्हणून सरकार पडलं होतं. वर तीन पंच असतात. कुणाचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि कुणाचं नाही, हे ते ठरवतात.

भांडणं होतात ती शोधांवरून. परवापर्यंत बैलाने पाणी ओढणारा देश आज सकाळी लिहितो, आमच्याकडे अदृश्य विमानं आहेत. कुठून आली? आली! कुणी बनवली? आमच्या शास्त्रज्ञांनी! या प्रकाराला खेळातली माणसं 'देवबाजी' म्हणतात. देवबाजी सिद्ध झाली की तो देश नकाशावरून पुसून टाकतात आणि जमीन तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला देतात.

आनंदाच्या देशाचं नाव खारकोन. तीन बेटं, एक बंदर, वस्ती नव्वद हजार. त्यांतली पाच-सहाशे माणसं तरी त्याला नावानिशी ठाऊक आहेत. पोस्टमन कोण, त्याची सायकल कुठे पंक्चर होते, कुठल्या वळणावर कुत्रा भुंकतो, सगळं. मी एकदा विचारलं, "आनंदा, या वयात कसलं राज्य करतोस?"

तो म्हणाला, "राज्य कसलं, बाई. सकाळी बंदरावर फिरून येतो. तिथं मला जिना चढावा लागत नाही."

त्यानंतर मी हसले नाही. मला त्याने खेळात प्रेक्षक म्हणून घेतलं. प्रेक्षकाला सगळं वाचता येतं, लिहिता काही येत नाही. एका नटीला याहून मोठी शिक्षा नसेल, पण मी भोगली.

आता धुक्याचं सांगते.

खारकोनपाशी सैन्य नाही. आनंदाला सैन्य आवडत नाही. म्हणतो, गणवेश शिवण्यातच बजेट जातं. पण शेजारी होता महावज्र, चाळीस युद्धनौका असलेला. तेव्हा संरक्षणाला काहीतरी हवं. दुसरा कुणी असता तर लिहून मोकळा झाला असता, आमच्याकडे किरणांची भिंत आहे. आनंदाने काय केलं? बर्फाचा कारखाना काढला.

खारकोनात मासळी सडते म्हणून बर्फाचा कारखाना. त्याचं यंत्र बोटीतून आलं ते चुकीच्या बोल्टांचं. तीन महिने ते बंदरावर ताडपत्रीखाली पडून राहिलं आणि त्याच्यात मांजर व्यालं. मग एक रघु नावाचा फिटर परदेशी शिकायला पाठवला, तो खोकला घेऊन परत आला. कारखाना सुरू झाला, गॅस गळला, गावकऱ्यांनी मोर्चा काढला. कारखान्यातून बाहेर पडणारी गारठलेली हवा समुद्रावरच्या दमट हवेत मिसळली की धुकं तयार होतं, हे लक्षात आलं ते एका बागायतदाराच्या तक्रार अर्जामुळे. त्याचा मोहोर जळला होता. सरकारने चौकशी नेमली. चौकशीचा अहवाल हरवला. मग कुणीतरी म्हणालं, हे धुकं मुद्दाम केलं तर? पहिला प्रयोग वाऱ्याने उडवला. दुसऱ्यात दोन होड्या आदळल्या, एका खलाशाचा पाय मोडला, तेव्हा कायदा झाला की प्रत्येक होडीला परवाना आणि घंटा हवी, आणि आवाजावरून वाट काढायची परीक्षा द्यायची. नापास होणारे इतके, की त्यांची शिकवणी घेणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीला, गंगुबाई तिचं नाव, पद्म-बिद्म काहीतरी मिळालं.

हे सगळं तीन वर्षं चाललं होतं. रोज चार ओळी. वाचणाऱ्यांना वाटायचं, काका आपले मासळीबद्दल लिहितात. आणि तीन वर्षांनी एके दिवशी खारकोनभोवती खाऱ्या धुक्याची अशी भिंत उभी राहिली की उपग्रहाला बेटं दिसेनात आणि रडारला समोर मिठाच्या कणांचा पांढरा गोळा.

मी म्हटलं, "मेल्या, एवढं लांबण कशाला लावलंस?"

"तुमचा रथ आठवतो ना, बाई?"

आठवायला नको? एका नाटकात मी रथातून हवेत जायची. पहिल्या प्रयोगाला लोक हसले होते. आनंदाने लेखकाला न विचारता दुसऱ्या प्रयोगाच्या पहिल्याच अंकात एक सुतार स्टेजवर घुसवला. तो दोन मिनिटं रथाचं चाक ठोकायचा, कुरकुर करायचा, 'आस पुन्हा गेला तर मला बोलवू नका' म्हणायचा आणि निघून जायचा. लेखक बेशुद्ध पडायचा बाकी होता. पण त्या रात्री रथ उडाला तेव्हा आठशे माणसांत एक हसला नाही. उलट मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आस सांभाळा!"

तर असा हा मनुष्य. आणि त्याच्याविरुद्ध महावज्रच्या सम्राज्ञीने देवबाजीची तक्रार केली.

सम्राज्ञीचं खरं नाव अक्षदा. वरळीला दातांचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगायची सवय असल्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. तिला खारकोनचं बंदर हवं होतं, तिच्या व्यापाराच्या वाटेत येत होतं. तक्रारीत तिने लिहिलं: मासळी विकणाऱ्या देशाकडे रडार आंधळं करणारं यंत्र कसं? धुकं खोटं आहे, खारकोन पुसा. पंचांनी सुनावणी ठेवली दसऱ्याला संध्याकाळी सहा वाजता, आवाजावर. म्हणजे सगळ्यांनी फोनवरून एकमेकांशी बोलायचं. हरला असता तर खारकोन त्याच संध्याकाळी संपलं असतं. पोस्टमन, कुत्रा, गंगुबाई, सगळं.

"मी बोलू तुझ्या वतीने?" मी विचारलं. माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"नको. तुम्ही रडाल."

"रडले तर काय वाईट?"

"समोरची दात काढणारी आहे, बाई. रडणाऱ्यांची तिला सवय आहे."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला.

सकाळी दहाला मी चहा घेऊन खेळ उघडला आणि माझा कप बशीत आपटला. महावज्रने सात वाजता हल्ला केला होता. चौदा युद्धनौका खारकोनच्या बंदरात शिरल्या होत्या. नियम असा, की हल्ल्याला चोवीस तासांत उत्तर लिहिलं नाही तर हल्ला यशस्वी. म्हणजे दसऱ्याच्या सकाळी सातपर्यंत. आणि आनंदाचं उत्तर नाही!

कारण शोधायला लांब जायला नको होतं. आदल्या संध्याकाळी त्यानेच खारकोनच्या सरकारी पत्रकात लिहिलं होतं: 'उद्या खंडेनवमीनिमित्त धुक्याच्या यंत्रासह सर्व यंत्रं पूजेसाठी बंद राहतील. कामगारांनी बायकामुलांना कारखाना दाखवायला आणावं. यंत्रं दसऱ्याला पूजा करून चालू होतील.' दरवर्षी लिहायचा. या वर्षी सम्राज्ञीने वाचलं.

मी फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पाच वेळा. तेव्हा मी टॅक्सी केली आणि फणसवाडीहून थेट लालबाग गाठलं. चाळीखाली मसाला कुटायचा डंक आहे, तेव्हा तिन्ही मजले मी शिंकतच चढले. दार उघडंच होतं. आनंदा स्वच्छ धोतर नेसून खाटेवर बसला होता आणि समोर पाटावर त्याची अवजारं मांडली होती. हातोडी, पक्कड, पाना, ओळंबा, माझा जीव सांभाळणारी ती पितळी कप्पी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. आणि मधोमध, फुलांत अर्धा बुडालेला, त्याचा फोन. शेजारी चार्जर. त्यालाही कुंकू.

"चार्जरला?" मी म्हटलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघेना.

"तो नसला तर हा चालतो काय?"

"आनंदा, बंदरात चौदा युद्धनौका आल्यात!"

त्याचा चेहरा उतरला. त्याला माहीत नव्हतं. कसं असणार, पहाटे सहालाच फोन पाटावर गेला होता. तो उठायला लागला, मग गुडघा धरून परत बसला. पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग उत्तर लिही ना! उचल तो!"

"पूजेत ठेवलाय, बाई."

"फोन आहे तो! फोनची कसली खंडेनवमी?"

"मी त्याच्यावर काम करतो. काम करतो म्हणजे अवजार. अवजार म्हणजे उद्या पूजा होईपर्यंत हात लावचो नाय." मालवणीवर आला की आनंदा हलत नाही, हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. तरी मी सोडलं नाही.

"बरं, मग माझ्या फोनवरून अनुजाला सांगते, ती तुझ्या नावाने आत जाईल. तू नुसतं तोंडाने सांग."

"दुसऱ्याच्या हातोडीने खिळा ठोकला तर ती सुट्टी होते काय?"

"अरे, देश जाईल!"

खाली डंकाचा धप्प-धप्प आवाज येत होता. मग तो म्हणाला, "गिरणीत या दिवशी राधाला घेऊन गेलो होतो. लग्नाला तीन महिने झाले होते. सगळ्यांच्या बायका नटून आलेल्या. मी तिला माझं मशीन दाखवलं, फुलं घातलेलं. तिने हात लावून बघितलं आणि म्हणाली, आज गप्प आहे म्हणून बरं वाटतं. रोज याच्या आवाजात राहता, म्हणूनच तुम्ही घरी बोलत नाही." तो हसला. "त्या दिवशी मुकादमाने अर्धा तास मशीन चालवून घ्यायला सांगितलं होतं. ऑर्डर होती. कुणी चालवलं नाही. आता फोन उचलला तर मग तेव्हा चालवायला काय हरकत होती?"

मी त्याला थोडंफार ओरडले. खरं सांगायचं तर दुसऱ्या अंकातला सासूचा सगळा उतारा म्हटला. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चहा करू?" पाटावर फोन वाजला. फुलं थरथरली. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. वाजायचा थांबला. मी चहा न घेता खाली उतरले, ते दुसऱ्या मजल्यावर आठवलं आणि परत वर जाऊन चहा घेतला.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजले आणि माझ्या फोनवर पंचांची एक ओळ आली: खारकोनकडून उत्तर नाही. हल्ला यशस्वी धरण्याबाबत निर्णय संध्याकाळी. साडेनऊला आनंदाची ओळ आली. मी वाटच पाहत होते की आता काहीतरी जोरदार लिहील. त्याने लिहिलं होतं: 'पूजा झाली. नारळ फोडला. प्रसाद वाटला. यंत्रं नेहमीप्रमाणे चालू केली.' बस. बंदरात शत्रू बसलाय, त्याचं नावही नाही!

संध्याकाळी मी आपट्याची पानं आणि बटाटेवडे घेऊन पुन्हा तीन मजले चढले. आनंदाने इस्त्रीचा सदरा घातला होता. कुणाला दिसणार नव्हता, तरी. फोन पितळी पेल्याला टेकवून ठेवला होता. पन्नास वर्षं पडद्यामागे काढलेला माणूस पहिल्यांदा चाळीस जणांसमोर बोलणार होता. मला त्याने तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मी तोंडात वडा घातला, तोच एक उपाय होता.

मुख्य पंच हेरंब म्हणून दादरचा गृहस्थ आहे. दिवसा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो, त्यामुळे त्याला खोटं बोलणं झोपेत ऐकू येतं. त्याने सुरुवात केली, "पहिला मुद्दा, धुक्याबद्दलची देवबाजीची तक्रार—"

"आधी हल्ल्याचं बघा," सम्राज्ञी मध्येच म्हणाली. "चोवीस तास होऊन गेले. काकांनी उत्तर दिलं नाही. बंदर माझं. हे स्वच्छ आहे."

"खारकोन, तुम्हाला काही म्हणायचंय?"

आनंदाने घसा खाकरला. एकदा, दोनदा. मी मनात म्हटलं, गेला. मग तो म्हणाला, "नाही. बंदर त्यांचं."

सम्राज्ञी गडबडली. तिने मोठ्या भाषणाची तयारी केली असावी आणि ते तसंच तिच्या तोंडात राहिलं.

"एक विचारू काय, ताई?" आनंदा म्हणाला. "तुमच्या चौदा बोटी आत कशा आल्या?"

"कशा म्हणजे? सरळ आल्या. यंत्र बंद होतं ना तुमचं! तुम्हीच पत्रक काढलंत."

"बंद होतं, खरं आहे. पण आधीही तुमच्या चाळीस बोटी होत्याच की. महिनाभर बाहेर उभ्या होत्या. तेव्हा का नाही आलात?"

"तेव्हा कसं येणार? तेव्हा धु—"

ती थांबली. उशीर झाला होता.

हेरंबने कागद चाळल्याचा आवाज आला. "महावज्रचा हल्ल्याचा मजकूर वाचतो. 'धुक्याची भिंत खाली आल्याचं पाहताच आमच्या वीर आरमाराने संधी साधली.' हे तुम्ही लिहिलंय, मॅडम."

"अहो, ते लिहिण्याच्या ओघात..."

"मग ते मागे घेता का? मागे घेतलंत तर हल्ला मागे घेतल्यासारखं होईल. आणि ठेवलंत तर धुक्याची भिंत होती असं होईल. दोन्ही एकदम ठेवता येणार नाही."

बंदर की तक्रार! मी वडा चावायची थांबले होते. चौदा युद्धनौका घालून जिंकलेलं बंदर, ते कोण सोडतं?

"बरं, आहे धुकं!" ती फणकारली. "होतं, आहे, काय हवं ते. पण बंदर माझं."

"तुमचंच," आनंदा पुन्हा म्हणाला. इतक्या प्रेमाने, की जशी काही तिची पाठवणी करतोय. "फक्त सकाळी साडेनवाला आम्ही मशीन चालू केलं हो. दसरा झाला ना."

"मग?"

"मग बंदर धुक्याच्या आतल्या बाजूला येतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या कुणीतरी. सम्राज्ञीला दोन क्षण जास्त लागले.

"म्हणजे माझी जहाजं..."

"आतच आहेत. काळजी नको, कुणी हात लावलेला नाही. पण परवान्याशिवाय धुक्यात बोट घातली तर खडकावर जाते. आमचा पाय मोडलेला खलाशी आहे, विचारून बघा. घंटेची परीक्षा महिन्यातून एकदा असते. या महिन्याची गेल्या सोमवारीच झाली."

"ही फसवणूक आहे! काकांनी मुद्दाम सुट्टी ठेवली!"

"दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीलाही बंद होतं," हेरंब म्हणाला. तो वाचत होता. "बर्फ नव्हता म्हणून त्या दिवशी तीनशे किलो बांगडा फुकट गेला. गेल्या वर्षीही बंद. मच्छीमार संघटनेने निषेध नोंदवलाय."

दहा मिनिटं पंच आपापसांत बोलायला गेले. आनंदा पाणी प्यायला आणि पेला उचलल्यामुळे फोन पडला. मी तो परत उभा केला. त्याच्या कपाळावर घाम होता.

निर्णय हेरंबने सांगितला. धुकं मान्य. खारकोन नकाशावर राहणार. बंदरावर महावज्रचा ताबा मान्य, पण त्यातून जहाज आत-बाहेर नेणं खारकोनच्या यंत्रावर अवलंबून. वर त्याने स्वतःचं म्हणून एक वाक्य जोडलं: "देवाच्या यंत्राला सुट्टी लागत नाही. याला लागते, बांगडा नासला तरी लागते. तेव्हा ते माणसांनीच बनवलेलं आहे याबद्दल पंचांना शंका नाही."

मी टाळ्या वाजवल्या. फोन चालू होता आणि चाळीस जणांना त्या ऐकू गेल्या. खारकोनच्या शिष्टमंडळाने शांतता राखावी, असं पंचांनी मला सांगितलं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर शिष्टमंडळ झाले, तेही काही कमी नाही.

फोन बंद झाल्यावर मी आनंदाला धरलं. "खरं सांग. ठरवून केलंस?"

"ठरवलं असतं तर रात्री झोपलो नसतो काय?" तो म्हणाला. "काल दुपारपासून घास गेला नाही, बाई. मशीन चालू केल्यावर सकाळी लिहिताना ध्यानात आलं, की बोटी आतच राहिल्या." आणि उरलेले चार वडे त्याने एकट्याने संपवले.

पुढची गंमत त्याने सावकाश केली. युद्धकैदी वगैरे त्याला नको होतं. त्याने जाहीर केलं की महावज्रची जहाजं सन्मानाने परत करण्यात येतील, रोज एक. प्रत्येक जहाजापुढे गंगुबाईंची होडी घंटा वाजवत वाट दाखवील, आणि गंगुबाई सत्तर वर्षांच्या असल्यामुळे दिवसाला एकच फेरी करतात. शिवाय गुरुवारी त्यांचा उपास. एकेका जहाजाच्या सुटकेचं त्याने पानभर वर्णन लिहायला घेतलं. तिसऱ्या जहाजाच्या कप्तानाला बंदरावरचं सोलकढीचं दुकान सोडवेना. चौथ्याच्या दोन खलाशांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. नवा नकाशातले सगळे देश आपापली युद्धं थांबवून हेच वाचायला लागले. महावज्रचं चाळीस जहाजांचं साम्राज्य रोज चार वाजता एका म्हातारीच्या घंटेची वाट बघत होतं.

सम्राज्ञी चिडून लिहायची, 'उरलेली एकदम सोडा.' आनंदा लिहायचा, 'घाई नाही.' मग तिचे फोन सुरू झाले. काका, जरा लवकर. काका, मला उत्तरेला लढाई आहे. काका, तुम्ही आरामात आहात, इथे माझे आरमारप्रमुख राजीनामे देतायत. आनंदा प्रत्येक फोन घ्यायचा. पूर्वी त्याचा फोन आठवड्यातून दोनदा वाजायचा, एकदा अनुजाचा आणि एकदा माझा.

दहावं जहाज सुटलं त्या रविवारी मी त्याच्याकडेच होते. दुपारची वेळ. जिन्यावर शिंकांचा आवाज आला, एक मजला, दोन मजले. दारात चाळिशीची एक बाई उभी राहिली, नीटनेटकी, नाक लाल झालेलं, हातात मिठाईचा खोका. आवाज ऐकला आणि मी ओळखलं.

"मेस्त्रीकाका? मी अक्षदा. महावज्र." तिने खोली पाहिली, दारावरची पाटी पाहिली, खाट पाहिली, पंतप्रधान पाहिले. घरून बरंच काही ठरवून आली असावी, त्यातलं काही तिला सापडेना. "अहो, चार राहिलीत. सोडा ना आज."

आनंदा खाटेवरून हळूहळू उठला, गुडघ्यावर हात देत. तिच्यासाठी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, पंखा एकने वाढवला.

"बसा," तो म्हणाला. "भरतीला अजून वेळ आहे. दातांचं जरा बघता काय, तोवर?"